कर्कपेशीचे वर्म

कर्करोगावरील जुन्या औषधांची एक मोठी अडचण आहे. झपाट्याने वाढणारी कोणतीही पेशी दिसली की ती तिच्यावर घाव घालतात. ती रोगट की निरोगी, हे पाहत नाहीत. म्हणून रोग्याचे केस गळतात, रक्त कमी होते. मग केवळ रोगट पेशीतच असेल, असे एखादे वर्म सापडेल काय? काही कर्करोगांपुरते तरी ते सापडले आहे.

समजा, एका वाड्यात दोन विहिरी आहेत. एक आटली तरी दुसरीवर घर चालते. ती दुसरीही बुजविली, तर वाडा ओस पडेल. शेजारच्या वाड्यातील दोन्ही विहिरी भरलेल्या असल्या, तर तेथे एक बुजविल्याने कोणी तहानेने मरणार नाही.

आता पेशीकडे वळू. तिच्यातील डी.एन.ए. हा दुपदरी धागा रोज कोठे ना कोठे तुटत असतो. एक पदर तुटला तर तो सांधण्यास पार्प नावाचे एन्झाइम मदत करते. दोन्ही पदर तुटले तर ते बिनचूक सांधण्यासाठी बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके लागतात. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. एक प्रत सदोष मिळाली तरी दुसरीवर शरीराचे काम भागते. परंतु स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही नष्ट झाली, की रोग मूळ धरू शकतो. त्या पेशीची एक विहीर आटलेली असते. पार्प बंद पाडणाऱ्या औषधाने दुसरीही बुजते व पेशी मरते. निरोगी पेशी मात्र बहुधा तग धरतात. हे तत्त्व २००५ साली दोन संशोधक गटांनी ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. २०१४ च्या अखेरीस बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी ओलापरिब या औषधास अमेरिकेत व युरोपात मान्यता मिळाली.

हे औषध सर्वांसाठी नव्हे. त्यानेही मळमळ व रक्तक्षय होतो आणि काही कर्कपेशी हरवलेली दुरुस्तीची शक्ती परत मिळवून औषधास दाद देईनाशा होतात.

आपल्या घरांतून ‘आत्याला काय झाले होते’ हे दबक्या आवाजात बोलले जाते, किंवा बोललेच जात नाही. हा दोष वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. तेव्हा आत्याचा आजार भाचीच्या डॉक्टरांस कळलाच पाहिजे. त्यावरूनच जनुकाची तपासणी करावी की नाही, हे त्यांस ठरविता येईल.