तुमचे कान तपासा, काका

हे वाक्य मला तिशीतल्या एका पोराने ऐकवलं, तेही त्याच्या क्लासमधल्या चार मुलांसमोर. मुलं फिदीफिदी हसली. मी गिटार वाजवायला लागलो तेव्हा हा पोरगा पाटीवर अक्षरं गिरवत असेल. म्हणून हे लिहितोय, उगाच तटस्थपणाचा आव आणत नाही.

पहिली चूक माझीच, ती आधी कबूल करतो. मंडळाच्या कार्यक्रमात ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की माझी गिटार कुणाला ऐकूच यायची नाही. धाटावची ड्यूटी संपली की मी रोह्याला स्टेशनकडे जाताना याच पोराच्या, म्हणजे सरांच्या, क्लासवर टेकायचो. (सगळे त्यांना सरच म्हणतात, मीही म्हणायचो.) सर म्हणाले, "दहाच्या तारा म्हणजे पाणचट चहा, काका. बाराचा सेट टाका, मग बघा." टाकला. आवाज वाढला, खोटं कशाला बोलू? आणखी काय काय वाढतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

दहा म्हणजे पहिली तार इंचाच्या दहा सहस्रांश जाडीची, बारा म्हणजे बारा सहस्रांश. बोटाला फरक जेमतेम लागतो. पण तोच स्वर मिळवायचा तर ताण तारेच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. दहाचा वर्ग १००, बाराचा १४४. म्हणजे जाडी वीस टक्के वाढवली की त्या एका तारेवरचा ताण चव्वेचाळीस टक्के वाढला. नेहमीच्या लांबीच्या गिटारवर बाराच्या सेटमधल्या सहा तारा मिळून सुमारे १६० पौंडांनी खेचतात, म्हणजे सत्तर किलोंहून जास्त. एक धट्टाकट्टा माणूस चोवीस तास नेकला लोंबकळतोय असं समजा. नेक पुढे झुकणारच. तारा फ्रेटपासून वर उचलल्या जाणारच. वर आपल्याकडचा जुलै. पेणमध्ये जुलैत कपाटाचं दार लागत नाही, तिथे गिटारची पातळ फळी काय टिकणार? तीही फुगली, तिच्याबरोबर ब्रिज वर आला, आणि बाराव्या फ्रेटला तारेखालून पेन्सिल जाईल अशी अवस्था झाली. ही काय हवाईयन गिटार आहे, की मी तारांवर लोखंडी कांडी फिरवत बसू?

"सोडून जा, सेटिंग करून ठेवतो," सर म्हणाले. मी ठेवून आलो. गणपतीच्या आत देतो म्हणाले होते, मिळाली दसऱ्यानंतर, धावीर महाराजांच्या पालखीच्या गर्दीत. गणपतीत मी पेणला उसन्या गिटारवर वाजवलं. आमच्या गावात त्या दिवसांत झोपायला कुणाला सवड नसते आणि माझं वाद्य मात्र रोह्यात भिंतीला टेकून विश्रांती घेत होतं.

हातात आली तेव्हा मोकळ्या तारा स्वच्छ वाजत होत्या. मी खूश. सहाशे रुपये दिले, पावती मागितली नाही. (पावती मागा. ओळखीच्या माणसाकडे तर आधी मागा.) दिवा मेमूत खिडकीशी बसून सी कॉर्ड धरली आणि दात शिवशिवले. ट्यूनर लावला, सहाही तारा काट्यावर. परत सी, परत तेच. एफ तर धरवतच नव्हती. पहिल्या तीन फ्रेटवर वेगळीच खरखर. नागोठणं जाईपर्यंत मी पेग पिळत होतो आणि समोरच्या कोळणी माझ्याकडे दयेने बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी क्लासवर गेलो. सरांनी एक झपाट्याची चाल वाजवून दाखवली, तीही सगळी सातव्या फ्रेटच्या पुढे. मग ते वाक्य आलं. वर आणखी, "वयानुसार होतं असं. आणि पेणची हवा दमट, वाद्य तिथेच खराब झालंय." रोह्याची हवा काय राजस्थानातून येते? कुंडलिकेच्या काठावर बसून हा माणूस मला दमटपणा शिकवत होता.

खोटं कशाला सांगू, मी तीन आठवडे स्वतःच्या कानांवर संशय घेतला. बायकोला विचारायचो, टीव्हीचा आवाज बरोबर लागतोय ना? त्या तीन आठवड्यांचा राग सहाशे रुपयांपेक्षा जास्त आहे.

उलगडा असा झाला. एका रविवारी चिडून सगळ्या तारा काढल्या, पुसून परत लावाव्यात म्हणून. तारा निघाल्याबरोबर वरचा नट, म्हणजे तारा जिच्या खाचांतून जातात ती हाडासारखी पांढरी पट्टी, टपकन मांडीवर पडली. चिकटवलेलीच नव्हती. तिच्याखाली जाड कागदाची एक कापलेली पट्टी होती. गुळगुळीत, निळ्या अक्षरांची. उलटून पाहिली तर त्यावर छापलं होतं, "...द्यांची दुरुस्ती". सरांच्याच क्लासचं व्हिजिटिंग कार्ड! "सर्व वाद्यांची दुरुस्ती" या ओळीतला उत्तरार्ध माझ्या नटखाली पाचर म्हणून बसला होता.

मी किती वेळ तसाच बसून राहिलो माहीत नाही. मग हळूहळू सगळं जुळत गेलं. तारा खाली आणायच्या म्हणून त्याने ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या पोटातली सळई, आवळला होता. तरी पुरेशा खाली येईनात म्हणून आणखी आवळला. नेक सरळ होऊन पुढे उलटी वाकली, मधोमध कुबड आलं. आता मोकळ्या तारा कुबडावर घासायला लागल्या. मग रॉड सैल करायचा सोडून त्याने नट उचलून खाली कार्ड सरकवलं. मोकळी तार सुटली, पण पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की कुबड आहेच. शिवाय नट उंच झाल्यामुळे तिथे तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. ट्यूनरवर पाहिलं तर मोकळी तार शून्यावर आणि पहिल्या फ्रेटला पंधरा-वीस सेंट वर. शंभर सेंटचा अर्धा स्वर होतो, तेव्हा हा फरक बहिऱ्यालाही कळेल. माझे कान ठणठणीत होते. हे मी बायकोला जाऊन सांगितलं, ती म्हणाली, "मला माहीत होतं, एकच गोष्ट ऐकू येत नाही तुम्हाला, दळण आणायची."

ट्रस रॉडविषयी एवढंच डोक्यात ठेवा की तो तारांची उंची लावायला नाही. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तारांच्या ओढीला नेकच्या पोटातून उलट ओढ द्यायची, एवढंच त्याचं काम. शंभर वर्षं उलटली तरी लोक त्याला उंची कमी करायचा पाना समजतात. उंची ठरते ब्रिजवरच्या पट्टीवर, म्हणजे सॅडलवर, आणि नटच्या खाचांवर. आधी नेक, मग उंची, शेवटी स्वर. हा क्रम मोडणाऱ्याच्या हातात वाद्य देऊ नका.

नेकचा बाक मोजायला मुंबई गाठायची गरज नाही. गॅरेजवाला टॅपेट सेट करताना जी पातळ पत्र्यांची जुडी वापरतो ना, फिलर गेज, ती उसनी आणा. तारा पूर्ण स्वरात लावून घ्या, सैल तारांवर मोजणं म्हणजे रिकाम्या काट्यावर धान्य तोलणं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक जिथे खोक्याला मिळते तिथे, बहुतेक गिटारना चौदाव्या फ्रेटवर, सहावी तार दाबा. आता तार हीच सरळ पट्टी झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटवर तिच्याखाली ०.२० मिलिमीटरचा पत्रा जेमतेम सरकला तर नेक ठीक. फट जास्त असेल तर रॉडचा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, जास्त नाही. आवळण्याआधी तारा थोड्या सैल करा, नंतर परत स्वरात लावा आणि रात्रभर सोडून द्या. फट नसेलच तर उलट दिशेने. बोल्ट अडला तर हात काढून घ्या. ॲलन की बोल्टमध्ये घट्ट बसणारीच हवी, ढिली की खाचेचे कोपरे खाते. माझ्या बोल्टचे दोन कोपरे गेलेत, कुणी खाल्ले ते सांगायला नको.

तारा जाड करताना नटच्या खाचाही बघाव्या लागतात, हे मला फार उशिरा कळलं. दहासाठी कापलेल्या खाचेत बाराची तार बसत नाही, वरच अडकून राहते. पेग पिळताना "टिंग" असा आवाज आला आणि स्वर एकदम उडी मारून गेला, तर समजा तार खाचेत अडकत होती. आणि सॅडल घासायचं तर नेहमी खालच्या बाजूने, सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून. बाराव्या फ्रेटला अर्धा मिलिमीटर उंची कमी हवी असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. थोडं थोडं घासा, घासलेलं परत येत नाही.

नायलॉनच्या तारांच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, ब्रिज उखडून हातात येतो. जुन्या गिटारवर जाड सेट चढवायच्या आधी ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. आत गेला तर जाड तारांचा विचार सोडा. बाकी स्वच्छता ठेवा, वाद्य उन्हात ठेवू नका, हे तुम्हाला माहीतच असेल.

शेवटी मुंबईतल्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्याने पहिली दहा मिनिटं गिटारला हत्यार लावलं नाही. वाजवून घेतली, मला वाजवायला लावली, नेक डोळ्याला लावून पाहिली, मोजली, कागदावर आकडे लिहिले. मला मिरजेत पाहिलेला, सतारीची जवारी काढणारा माणूस आठवला. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते असल्या हातांमुळेच. तिथे तर तारेची झणझण मुद्दाम काढायची असते, तरी तो कानशीचा एक हात फिरवला की थांबून ऐकायचा. आमचे सर ऐकायच्या आधी आवळतात.

त्या कारागिराने रॉड पाऊण फेरा सोडला, हाडाचा नवा नट बसवला, सॅडल घासलं आणि मला अकराचा सेट लावून दिला. चौदाशे रुपये घेतले, पावतीसकट. म्हणाला, "जानेवारीत हवा कोरडी झाली की नेक थोडी हलेल. तेव्हा मोजा, लगेच पिळू नका." जानेवारीत मोजलं, खरंच हलली होती. मी पाव फेऱ्याच्याही निम्म्याने फिरवलं आणि रात्री तीनदा उठून पाहिलं.

ती कार्डाची पट्टी गिटारच्या बॅगेच्या खिशात ठेवली आहे. परत जाऊन तोंडावर मारायची असं बरेच दिवस ठरवत होतो. मग मार्चमध्ये सरच रोहा स्टेशनच्या फलाटावर भेटले, खांद्यावर कुणाची तरी गिटार. नवीच दिसत होती, बिचारी.

"काय काका, आता बरोबर लागतो ना सूर?"

"लागतो. अकराच्या तारा टाकल्या," मी म्हणालो. हात बॅगेच्या खिशाशी गेला होता.

"बाराच ठेवायला हव्या होत्या," ते म्हणाले आणि पुढच्या डब्याकडे चालू लागले.