सायकल तीच, नजर वेगळी

सकाळी शाळेच्या वेळी फुलंब्रीच्या बसस्थानकाजवळ थोडा वेळ उभे राहा आणि सायकली मोजा. सायकलवर कोण कोण दिसते? आठवी-नववीच्या मुली. त्यांच्यामागे काही लहान मुले. हँडलला पिशवी अडकवून जाणारे एखादे आजोबा. बाकी सगळे मोटारसायकलवर. एखादे गुरुजी किंवा डॉक्टर सायकलवरून आले, तर लोक लगेच विचारतात, "का हो, गाडी बिघडली का?"

हा प्रश्न कोणी वाईट हेतूने विचारत नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. ज्याच्याकडे गाडी नाही त्याची गाडी म्हणजे सायकल, असे आपण धरून चालतो.

पूर्वी असे नव्हते. 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर बनवणारे किर्लोस्कर ते हेच. त्या काळी सायकल परदेशातून येई आणि ती श्रीमंतांनाच परवडे. नंतर सायकली आपल्या देशात तयार होऊ लागल्या. पुणे तर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी सगळे सायकलवर! रात्री सायकलला दिवा नसला, तर पोलीस अडवत. लग्नात जावई सायकल, घड्याळ आणि रेडिओ मागत असे. हुंड्याची ही रीत वाईटच, पण सायकलीला केवढा मान होता, हे त्यावरून दिसते.

गंमत म्हणजे त्याच सुमारास चीनमध्येही लग्नाच्या वेळी चार वस्तू घरात असाव्यात असे मानत. सायकल, शिलाई यंत्र आणि मनगटी घड्याळ या तीन फिरणाऱ्या, आणि रेडिओ ही एक वाजणारी. तेथेही पुढे लोकांच्या हाती पैसा आला आणि अनेकांनी सायकल सोडून मोटार घेतली.

मग पैसा आला की सायकल जाणारच का? नेदरलँड्स हा युरोपातला छोटा, श्रीमंत देश पाहा. तेथे सुमारे 1 कोटी 80 लाख लोक राहतात आणि सायकली माणसांपेक्षा जास्त आहेत. उट्रेख्त शहराच्या रेल्वे स्थानकाखाली 12,500 सायकली ठेवण्याची जागा आहे. मार्क रूट हे 2010 ते 2024 या काळात तेथील पंतप्रधान होते. ते सायकलवरून कार्यालयात जात. त्यांना कोणी "गाडी बिघडली का?" असे विचारले नसेल.

पण या देशातही एकदा सायकल मागे पडली होती. 1950 नंतर मोटारी वाढल्या, रस्ते त्यांच्यासाठी रुंद झाले. 1971 या एका वर्षात तेथे रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. आम्स्टरडॅममधल्या एका दाट वस्तीतल्या शाळकरी मुलांनी 1972 मध्ये आपल्या गल्लीत मोटारी नकोत म्हणून सह्या गोळा केल्या. ती मुले तुमच्यापेक्षाही लहान होती. 1973 मध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि काही रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर हळूहळू सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले. काही जण म्हणतात, तेथील जमीन सपाट आहे म्हणून सायकल चालते. खरे आहे. पण मोटारी वाढल्या तेव्हाही जमीन सपाटच होती!

आपल्या देशातही सायकलीकडे पाहण्याची नजर बदलली आहे. ती मुलींनी बदलली. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. आधी लोक हसले. मग त्याच बायका सायकलवरून पाणी आणू लागल्या, मुलांना शाळेत सोडू लागल्या. बिहारमध्ये 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. महाराष्ट्रातही मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. गावात शाळा सातवीपर्यंतच असेल आणि पुढची शाळा चार किलोमीटरवर असेल, तर मुलीचे शिक्षण थांबण्याची भीती असते. तिच्यासाठी सायकल म्हणजे आठवी, नववी आणि दहावी.

फुलंब्रीहून सिल्लोड आणि अजिंठ्याकडे महामार्ग जातो. रस्ता मोठा आहे, पण सायकलींसाठी वेगळी वाट नाही. शाळा सुटल्यावर मुली रस्त्याच्या कडेला सायकलवरून उतरतात. हँडल धरून उभ्या राहतात. एक ट्रक जातो, मागून दुसरा येतो. मोठी मुलगी धाकटीच्या सायकलीचे कॅरिअर घट्ट धरून ठेवते आणि दोन्हीकडे पाहत राहते.

स्वाध्याय

1. 'गाडी बिघडली का?' या प्रश्नातून लेखकाला काय दिसले?
2. नेदरलँड्समधील आईबाप रस्त्यावर का उतरले?
3. तुमच्या शाळेच्या वाटेवर सायकल चालवताना कोठे भीती वाटते? ती जागा पाच-सहा वाक्यांत सांगा.
4. 'सायकल' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे. उर्दूत तो कोणत्या लिंगात वापरतात? दोन्ही भाषांत एकेक वाक्य म्हणून पाहा.