संगणकाची डागडुजी

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचे गाव आहे. वनराईने वेढलेला तेथील विस्तीर्ण जलाशय पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. येणारा पाण्याकडे पाहतो, पक्ष्यांकडे पाहतो. परंतु ज्या मातीच्या धरणाने हे पाणी अडवून धरले आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे धरण १९१७ साली पुरे झाले. मातीचे धरण शंभराहून अधिक वर्षे उभे राहते, ते केवळ बांधणाऱ्यांच्या कौशल्यामुळे नव्हे. उंदीर आणि खेकडे पाळीत बिळे करतात, पावसाने माती खचते, झाडाझुडपांची मुळे आत शिरतात. पावसाळा सुरू होण्यापूर्वी ही बिळे कोणी तरी बुजवावी लागतात.

याच परिसरात त्याहूनही जुने असे शेकडो तलाव आहेत. कोहळी समाजातील कुशल लोकांनी त्यांतील पुष्कळ बांधले. १९५१ साली मालगुजारीची पद्धत संपली, तेव्हा हे ‘माजी मालगुजारी’ तलाव सरकारकडे आले आणि त्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. नाव गोड पडले खरे, परंतु मामांकडे पाहणारे भाचे थोडे उरले. पूर्वी ज्यांच्याकडे डागडुजीची जबाबदारी होती ते दूर झाले आणि कित्येक तलाव गाळाने भरत गेले.

मुलांनो, संगणकाच्या पाठात तलावाचे काय काम, असे तुमच्या मनात आले असेल. माणसाने बांधलेल्या, परंतु कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या एका फार मोठ्या वस्तूची हकीकत आज सांगावयाची आहे. तिचीही दरवर्षी, किंबहुना दररोज, डागडुजी करावी लागते.

संगणक हे यंत्र स्वतः काहीच जाणत नाही. कळ दाबली की अक्षर उमटावे, चित्र दिसावे, कागद छापून यावा, यासाठी त्यास आज्ञा लिहून द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात. आणि सर्व सॉफ्टवेअरला आधार देणारा जो मूळ संच, त्यास कार्यप्रणाली म्हणतात. काही कार्यप्रणाली विकत मिळतात आणि त्यांच्या आतील आज्ञा ग्राहकास वाचता येत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या कार्यप्रणाली मुक्त असतात. त्यांतील प्रत्येक आज्ञा कोणीही वाचावी, सुधारावी आणि सुधारलेली प्रत दुसऱ्यास द्यावी, अशी त्यांत मुभा असते. या विचाराचा पाया अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घातला. पुढे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहिला. त्यास लिनक्स असे नाव पडले. १९९३ साली इयान मर्डॉक या विशीतल्या विद्यार्थ्याने या सर्व तुकड्यांची नीट जुळणी करून ती जगास देण्याचा संकल्प सोडला. त्यातून डेबियन नावाचा प्रकल्प उभा राहिला. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणालीदेखील डेबियनच्याच पायावर उभी आहे.

डेबियनमधील सॉफ्टवेअर एकाच ढिगात ठेवलेले नसते. प्रत्येक कामाची निराळी गाठोडी बांधलेली असतात. त्यांस पॅकेज असे म्हणतात. पत्र लिहिण्याचे पॅकेज वेगळे, चित्रे काढण्याचे वेगळे, आणि देवनागरी अक्षरांचे वळण सांभाळणारे वेगळे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात डेबियनची १३ वी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात अशी ६९,००० हून अधिक पॅकेजे होती. प्रत्येक गाठोड्यासोबत एक चिठ्ठी असते. आपला आवृत्ती क्रमांक कोणता, आणि आपणास काम करण्यासाठी दुसरी कोणती पॅकेजे सोबत हवीत, हे तिच्यावर लिहिलेले असते. पोळपाटावाचून लाटणे जसे निरुपयोगी, तसे हे आहे. पूर्वी ही सोबतची पॅकेजे शोधता शोधता माणसे मेटाकुटीस येत. १९९९ पासून डेबियनमध्ये ‘ॲप्ट’ नावाचा एक साहाय्यक आला. तो चिठ्ठ्या वाचतो, काय काय लागेल याचा हिशेब करतो आणि सर्व गाठोडी स्वतः आणून योग्य क्रमाने उलगडतो.

या साहाय्यकास द्यावयाच्या दोन आज्ञांत पुष्कळ जाणती माणसेही गोंधळ करतात. ‘ॲप्ट अपडेट’ असे म्हटल्याने संगणकातील एकही पॅकेज बदलत नाही. त्या आज्ञेने केवळ नवी यादी येते. भांडारात आज कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती आहे, एवढेच कळते. त्यानंतर ‘ॲप्ट अपग्रेड’ म्हटले, म्हणजे मग जुनी पॅकेजे जाऊन नवी येतात. बाजारात काय आले आहे याची चौकशी करणे निराळे आणि पिशवी घेऊन बाजारास जाणे निराळे. केवळ चौकशी करून स्वस्थ बसणाऱ्याच्या घरी भाजी शिजत नाही!

परंतु चाललेले यंत्र कशासाठी बदलावे? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या रुपयातच आहे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले डी. उदय कुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ या दोहोंचा मेळ घालून रुपयाचे चिन्ह रेखाटले आणि १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने ते स्वीकारले. कागदावर ते चिन्ह त्याच दिवशी काढता आले असते. संगणकावर मात्र नाही. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची एक सर्वमान्य यादी आहे. तिच्या ६.० या आवृत्तीत ऑक्टोबर २०१० मध्ये या चिन्हास स्वतःचा क्रमांक मिळाला. मग अक्षरांची वळणे घडविणाऱ्यांनी आपापल्या पॅकेजांत ते चिन्ह काढून घातले. ज्यांनी ती नवी पॅकेजे घेतली त्यांच्या पडद्यावर ₹ उमटले. ज्यांनी घेतली नाहीत त्यांस त्या जागी एक रिकामी चौकट दिसत राहिली. चिन्ह मुंबईच्या विद्यार्थ्याने काढले, मान्यता दिल्लीत मिळाली; परंतु तिरोड्याच्या एखाद्या दुकानातील पावतीवर ते पोहोचण्यास तेथील संगणक अद्ययावत होणे आवश्यक होते.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. माणसाने लिहिलेल्या आज्ञांत दोष राहतातच. काही दोष निरुपद्रवी असतात. परंतु काही पाळीतील बिळासारखे असतात आणि चोर त्यांतून आत शिरतो. ‘अपाची स्ट्रट्स’ नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असे एक छिद्र सापडले आणि मार्च २०१७ मध्ये ते बुजविणारी नवी आवृत्ती सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीने ती सर्व ठिकाणी बसविली नाही. मे महिन्यात चोर त्याच छिद्रातून आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची खाजगी माहिती त्यांनी लांबविली. दुरुस्ती तयार होती, तिला पैसाही पडणार नव्हता. तरीही दोन महिने दार उघडेच राहिले. नव्या आवृत्तीची सूचना पडद्यावर आली की ‘नंतर’ या शब्दावर बोट ठेवण्याची सवय लहानांना आहे तशीच मोठ्यांनाही आहे.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की नव्या आवृत्तीतच खोट असली तर? शंका रास्त आहे. तशी घटना घडलेलीही आहे आणि ती ऐकण्याजोगी आहे.

‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे सॉफ्टवेअर आहे. मोठी माहिती दाबून लहान करावयाची आणि हवी तेव्हा पुन्हा पसरावयाची, हे त्याचे काम. सामान्य मनुष्य त्याचे नावही ऐकत नाही, परंतु जगातील असंख्य संगणक त्याच्यावर विसंबून असतात. हे सॉफ्टवेअर फिनलंडमधील लासे कोलिन हे गृहस्थ पुष्कळ वर्षे जवळजवळ एकट्याने आणि विनावेतन सांभाळीत होते. प्रकृतीच्या तक्रारींमुळे काम मंदावले आहे, हे त्यांनी २०२२ साली उघडपणे लिहिलेही होते. काही लोक मात्र त्यांस सारखे टोचीत राहिले, की काम होत नसेल तर ते दुसऱ्याकडे द्या. अशा वेळी ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारी एक व्यक्ती साहाय्यास पुढे आली. तिने दोन-अडीच वर्षे नेटके काम केले, विश्वास संपादन केला आणि नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार मिळविला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने ५.६.० ही आवृत्ती काढली आणि पुढच्याच महिन्यात ५.६.१. या दोन्ही आवृत्त्यांत एक चोरवाट लपविलेली होती. ही युक्ती साधली असती, तर दूरच्या संगणकात कुलपावाचून शिरण्याची किल्ली त्या व्यक्तीच्या हाती आली असती.

ती साधली नाही, याचे श्रेय आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या बारीक नजरेस आहे. ते डेबियनवर आपले निराळेच काम तपासीत होते. संगणकात दुरून प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्यांच्या ध्यानात आले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी तिकडे दुर्लक्ष केले असते. त्यांनी मात्र मागोवा घेतला आणि माग काढीत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले. सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे ते उघडून पाहण्यास त्यांस कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हा प्रकार जगापुढे ठेवला. जिया टॅन या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही. मुक्त सॉफ्टवेअर सर्वांना पाहता येते म्हणून ते सुरक्षित असते, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण पाहता येणे आणि कोणी खरोखर पाहणे यांत अंतर आहे. ते अंतर या वेळी एका माणसाने भरून काढले.

डेबियनच्या रचनेनेही येथे मोठे साहाय्य केले. तिच्यात आलेले नवे पॅकेज एकदम सर्वांच्या हाती पडत नाही. ते प्रथम ‘अस्थिर’ भांडारात येते, तेथून ‘चाचणी’च्या भांडारात जाते आणि दीर्घ परीक्षेनंतर ‘स्थिर’ आवृत्तीत स्थान मिळविते. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे दिलेली असतात. अस्थिर भांडाराचे नाव कायमचे ‘सिड’ असे आहे. आणि सिड हा त्या चित्रपटातील खेळणी मोडणारा मुलगा! एक्सझेडच्या खोट्या आवृत्त्या पहिल्या दोन भांडारांपर्यंतच आल्या होत्या. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांस त्यांचा उपसर्ग पोहोचला नाही.

खोटे पॅकेज मागे घेताना एक मौजेची अडचण आली. ॲप्ट हा साहाय्यक मोठ्या क्रमांकालाच नवे समजतो. ५.६.१ च्या जागी जुनी, निर्दोष ५.४.५ ठेवली, तर तो तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. म्हणून डेबियनच्या सेवकांनी त्या पॅकेजच्या क्रमांकात आधी ५.६.१ लिहिले आणि त्यापुढे ‘खरोखर ५.४.५’ अशा अर्थाचे शब्द जोडले. बाहेरून नवे आणि आतून जुने असे ते गाठोडे यंत्राने निमूटपणे स्वीकारले.

आता थोडे शाळेतील संगणकांविषयी. रोजची लहान सुधारणा आणि संपूर्ण आवृत्ती बदलणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. डेबियनची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये निघाली आणि १३ वी ऑगस्ट २०२५ मध्ये. एकीवरून दुसरीवर जाणे म्हणजे तलावाच्या मोरीची दारे बदलण्यासारखे आहे. असे काम परीक्षेच्या आदल्या दिवशी काढू नये. प्रथम आपले निबंध, चित्रे, गुणपत्रके यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. मग नव्या आवृत्तीसोबत दिलेले सूचनापत्र सावकाश वाचावे. ते वाचण्याचा कंटाळा करणारेच पुढे तासन् तास डोके धरून बसतात. हाती असलेल्या आवृत्तीची सर्व पॅकेजे आधी अद्ययावत करावी, नंतर भांडाराचे नाव बदलावे आणि मगच ॲप्टला पुढील आज्ञा द्यावी. आवृत्ती ओलांडून उडी मारू नये. ११ वरून थेट १३ वर जाण्याची सोय नाही.

आपल्या भागात वीज जाते. पॅकेज अर्धवट उलगडले असता संगणक बंद पडला, तर घाबरण्याचे कारण नाही. राहिलेली जुळणी पुरी करण्याची स्वतंत्र आज्ञा डेबियनमध्ये आहे. शाळेत दहा संगणक असतील, तर प्रत्येकाने तेच गाठोडे दूरवरून आणण्याचे प्रयोजन नाही; एकाने आणून ठेवावे आणि उरलेल्या नवांनी त्याच्याकडून घ्यावे. प्रत्येक भांडाराच्या यादीवर डेबियनची अंकरूप मोहोर असते आणि यादीत प्रत्येक गाठोड्याची खूण नोंदलेली असते. शेजारच्या संगणकावरून आलेले गाठोडेही ॲप्ट त्या खुणेशी ताडून पाहतो आणि वाटेत कोणी त्यात एक अक्षर जरी बदलले असेल, तरी ते उलगडण्याचे नाकारतो.

अभ्यास

१. ‘ॲप्ट अपडेट’ आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ या दोन आज्ञांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.
२. रुपयाचे चिन्ह काही संगणकांवर रिकाम्या चौकटीच्या रूपात का दिसत राहिले?
३. आंद्रेस फ्रॉइंड यांस संशय का आला? मुक्त सॉफ्टवेअरमुळे त्यांचे काम कसे सुकर झाले?
४. लासे कोलिन यांच्या जागी तुम्ही असता, तर साहाय्यास आलेल्या अनोळखी व्यक्तीची पारख कशी केली असती? दहा ओळी लिहा.
५. तुमच्या गावातील तलाव, विहीर किंवा पाट यांची डागडुजी पूर्वी कोण करीत असे व आता कोण करते, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.
६. वाक्यांत उपयोग करा : मेटाकुटीस येणे, ढुंकूनही न पाहणे, विश्वास संपादन करणे, मागोवा घेणे.