‘डोयावर पडदा आला’ : नेत्र सहायकांसाठी एक शब्दपाठ

नेत्र सहायकाच्या अभ्यासक्रमात डोळ्याच्या भागांची नावे सुरुवातीलाच येतात. पुढचा पारदर्शक भाग ते पारपटल, त्यामागचे रंगीत ते बुबुळ, बुबुळाच्या मधले छिद्र ती बाहुली, तिच्यामागे भिंग आणि अगदी मागे दृष्टिपटल. सावरगाव-पांढुर्ण्याकडच्या विद्यार्थ्यांना मी ही नावे शिकवतो. पण त्यांच्या पुस्तकात कॉर्निया, पुतली आणि रेटिना असते, आणि तपासणीला आलेल्या म्हातारीच्या तोंडी यांपैकी काहीच नसते. तिच्याजवळ ‘डोया’ असतो, ‘बाहुली’ असते आणि ‘पडदा’ असतो. हा पाठ तिच्या शब्दांचा आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. त्याच छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे होऊन २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, कचेरीत हिंदी आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर इंग्रजी, हा आमचा रोजचा व्यवहार. छिंदवाड्याला गेलेल्या रुग्णाला आजाराचे एक नाव सांगितले जाते, नागपूरला गेल्यावर दुसरे. घरी येईपर्यंत त्याचे तिसरेच झालेले असते.

प्रथम उच्चाराची गोष्ट. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळे आले म्हणजे ‘डोये आले’, पाणी गळते म्हणजे ‘पानी गयते’, काळे म्हणजे ‘कायं’. जबलपूरकडून आलेल्या विद्यार्थ्याला हे चार दिवसांत समजते. मात्र ‘चिपडं येतात’ म्हणजे हिंदीतला ‘कीचड़’, आणि ‘फूल पडलं’ म्हणजे पारपटलावरचा पांढरा डाग, हे सांगावे लागते.

खरी कसोटी ‘पडदा’ या शब्दाशी लागते. डॉक्टर ‘पडद्याचा आजार’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मागचे दृष्टिपटल असते. रुग्ण ‘डोयावर पडदा आला’ म्हणतो तेव्हा तो समोरचे काहीतरी सांगत असतो, आणि तेही तीनपैकी कोणतेही. नजर महिनोन्‌महिने हळूहळू धुकट होत गेली असेल तर तो बहुधा मोतीबिंदू. नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा पापुद्रा बुबुळाकडे सरकत असेल तर तो हिंदीतला नाखूना. आपल्याकडे ‘मांस वाढलं’ असेही म्हणतात. तिसरा पडदा धोक्याचा. आधी डोळ्यापुढे चिलटे उडाल्यासारखे ठिपके, मग विजेसारख्या चमका आणि मग एका बाजूने सावली सरकत येणे. हे दृष्टिपटल सुटल्याचे लक्षण असू शकते, आणि त्या रुग्णाला शिबिराची तारीख देऊन चालत नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे लागते. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकले’ हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, म्हणून ऐकणारा हसून सोडून देतो. नेत्र सहायकाने हसू नये. त्याने विचारावे, “माय, पडदा कधीपासून? हयूहयू आला का एकदम? कोन्या बाजूनं आला?” या तीन प्रश्नांशिवाय ‘पडदा’ हा शब्द नोंदवहीत लिहू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

दुसरा फसवा शब्द ‘मोतिया’. मराठीत मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन वेगळी नावे आहेत. हिंदीत मात्र मोतीबिंदूला ‘मोतिया’ किंवा ‘सफ़ेद मोतिया’ आणि काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणण्याची रीत आहे. ऐकणाऱ्याला वाटते, जात एकच, रंग तेवढा वेगळा. त्यात ‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ ही जुनी समजूत अजून घराघरांत आहे. आजच्या शस्त्रक्रियेत धुरकट भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. त्यासाठी पिकण्याची वाट पाहण्याची गरज नसते. पण ‘काया मोतिया’ ऐकलेला माणूस तीच वाट पाहत बसतो. काचबिंदूत, बहुधा डोळ्यातला दाब वाढून, दृष्टीची नस सुकत जाते, कडेची नजर आधी जाते, दुखत बहुधा काहीच नाही, आणि गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंब रोज घालायचे ते उरलेली नजर राखण्यासाठी. म्हणून आपल्या भागात मराठी रुग्णाशी बोलताना ‘काला मोतिया’ हा शब्द टाकून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘काचबिंदू’ म्हणावे, आणि लगेच पुढे म्हणावे, “हा मोतीबिंदू नोहे.” काचबिंदूचा एक प्रकार मात्र अचानक येतो: डोळा लाल, कपाळ ठणकते, उलटी होते, आणि चंद्राला खळे पडते तसे दिव्याभोवती रंगीत कडे दिसते. रुग्णाने खळ्याची उपमा दिली तर ती लक्षण म्हणून लिहून घ्यावी आणि त्याला ताबडतोब पुढे पाठवावे.

आता व्याकरणाचा एक उपयोग. ‘डोळ्यात गेलं’ आणि ‘डोळ्याला लागलं’ यांत फरक एका प्रत्ययाचा, पण उपचार उलटे. संत्र्याच्या बागेत फवारणीचे औषध उडाले, पोराच्या हातून तंबाखूची चुन्याची डबी फुटली, तर ‘डोळ्यात गेलं’. तिथे नावगाव विचारण्याआधी स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला घ्यायचा, निदान २० ते ३० मिनिटे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिथे गोटा ‘डोळ्याला लागतो’. बुबुळ फाटल्याची शंका असेल तर धुवायचे नाही, दाबायचे नाही, थेंब टाकायचे नाहीत. कागदी पेल्यासारखे काही डोळ्याला न टेकवता वरून झाकून रुग्णाला पाठवायचे. बुबुळापुढे रक्त साकळलेले दिसले तरी तेच. एक अपवाद शिकवावा लागतो. लोखंडावर घण मारताना उडालेला कण रुग्णाच्या बोलण्यात ‘डोळ्यात गेला’ असतो, पण तो आत घुसलेला असू शकतो. त्याला ‘लागलं’ याच खात्यात घालावे.

चष्म्याच्या शब्दांत एवढा जीवघेणा गोंधळ नाही, पण गंमत आहे. ‘निकट दृष्टि दोष’ असे सांगितले की आई म्हणते, “नाही जी, जवयचं तर पोरगं बरोबर वाचते.” तिचे खरेच आहे; या दोषात लांबचे दिसत नाही. तिला ‘फळ्यावरचं दिसत नाही, लांबचा नंबर आहे’ एवढेच सांगावे. ‘वृद्धदृष्टिता’ हा शब्द परीक्षेपुरता ठेवावा, कारण ‘चाळिशी’त वय, दोष आणि चष्मा तिन्ही आले आणि कोणी म्हातारेही ठरले नाही. तिरळेपणाला हिंदीतला ‘भेंगा’ पोरासमोर वापरू नये; तो वर्गात चिडवण्याचा शब्द आहे. रांजणवाडी, खुपरी, रातांधळेपणा हे शब्द सगळ्यांना कळतात.

नोंदवहीत मी दोन रकाने ठेवायला सांगतो. पहिल्यात रुग्णाचे बोलणे जसेच्या तसे, ‘य’ला ‘ळ’ न करता. दुसऱ्यात आपली संज्ञा, आणि ती तपासणी झाल्यावरच.