दुखणे रेड्याला, डाग पखालीला

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे चाकरी केलेला मनुष्य जुन्या यंत्रांच्या लिलावात उभा राहिला, की त्याला आपल्या जाणतेपणाविषयी जो फाजील विश्वास वाटू लागतो, त्याची किंमत मी रोख मोजलेली आहे. ती कैफियत येथे मांडण्याचा हेतू आत्मनिंदेचा नसून, माझ्याच वाटेने निघालेल्या कुणाची तरी गाठ वेळेवर बांधलेली राहावी, एवढाच आहे.

फलटण तालुक्यातील आमच्या गोठ्यात बावीस म्हशी. शेण काढावयास गडी मिळेनासे झाले, तेव्हा धंदा गुंडाळलेल्या एका ठेकेदाराच्या आवारातील लिलावात एक स्किड स्टिअर लोडर मी सव्वादोन लाखांस घेतला. खोदणाऱ्या प्रत्येक यंत्राला जसे लोक जेसीबी म्हणतात, तसे या ठेंगण्या यंत्राला आमच्याकडे सरसकट बॉबकॅट म्हणतात. त्याचे कूळ गोठ्याला परके नाही. 1957 च्या सुमारास अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, रॉथसे या गावी, सिरिल आणि लुई या केलर बंधूंनी टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातील घाण उपसण्यासाठी, खांबाखांबांतून जागच्या जागी वळेल असे एक तीनचाकी यंत्र बनवले. पुढे नॉर्थ डाकोटातील मेलरो कंपनीने ते हाती घेतले आणि 1960 मध्ये त्याला चौथे चाक दिले. अशा वंशातले यंत्र माझ्या गोठ्यात शोभेल, असे मनाशी म्हणत मी बयाणा दिला.

या यंत्राला सुकाणूचे चक्र नसते. इंजिन दोन पंप फिरवते. एका पंपाचे तेल डाव्या मोटरला, दुसऱ्याचे उजव्या मोटरला जाते, आणि प्रत्येक मोटर आपल्या बाजूची दोन्ही चाके साखळीने ओढते. डावी बाजू थांबवून उजवी चालवली, की यंत्र डावीकडे वळते. बूम आणि बकेट यांना तेल देणारा आणखी एक लहान पंप असतो, व माझ्या यंत्रात तोच दोन्ही मोठ्या पंपांना सतत तेल पुरवून भरलेले ठेवतो. म्हणजे धरण, मुख्य कालवा आणि दोन चाऱ्या, असाच हा कारभार. आणि जन्मभर जे केले तेच येथेही आहे, या समजुतीनेच माझा घात झाला.

यंत्र घरी आले तेव्हापासून डावीकडे ओढत होते. अर्ध्या तासाने तेल तापले, की बूम अडखळत वर जाई, दोन्ही बाजूंचे बळ उतरे, आणि आतून रवीच्या डेऱ्यात वाळू पडल्यासारखा कर्कश आवाज येई. गावातील मिस्त्रीने ऐकले, मी ऐकले, आणि दोघांनी एकमताने निकाल दिला, की पंप गेला. गेज लावून दाब मोजण्याची गोष्ट ना त्याच्या मनात आली, ना माझ्या. पंप उतरवून भोसरीच्या एका कारखान्यात नेला, पंच्याऐंशी हजार रुपये भरले, पंधरा दिवसांनी तो परत बसवला. आणि पहिल्याच दिवशी, तेल तापताच, तोच आवाज, तेच अडखळणे, तीच डावी ओढ.

तेव्हा नात्यातल्या एका निवृत्त फिटर काकांना आणले. त्यांनी पाना हाती घेतलाच नाही. आधी टाकीचे झाकण उघडून आत पाहिले. तेलावर ताकासारखा फेस होता. "तेलात पाणी असतं तर ते दुधाळ झालं असतं, हा फेस वाऱ्याचा आहे," एवढेच ते बोलले. मग यंत्र चालू ठेवून, फिरत्या भागांपासून हात दूर राखत, लांब नळीच्या तेलदाणीने त्यांनी टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या शोषण नळीच्या सांध्यावर तेलाची धार धरली; आणि तो कर्कश आवाज श्वास घेतल्यासारखा थांबला. धार हटवली, पुन्हा सुरू झाला. शोषण नळीतून तेल बाहेर गळत नाही, बाहेरचा वारा आत ओढला जातो. म्हणून खाली एक थेंब दिसत नसतानाही पंप उपाशी राहतो. नळी काढून चिरली तेव्हा आतले रबराचे अस्तर सुटून लोंबत होते. तेल तापले की ते मऊ होऊन वाट बंद करी. फिल्टर तर कुणी बदललाच नव्हता.

डाव्या ओढीसाठी त्यांनी मला आसनावर बसवले, दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे ढकलावयास सांगितले, आणि इंजिन बंद असताना खाली बॅटरीच्या उजेडात पाहत राहिले. उजव्या पंपाची दांडी पूर्ण फिरत होती, डाव्याची अर्ध्यावर थांबत होती. लिव्हर आणि दांडी यांना जोडणारी खीळ झिजून तिचे भोक लंबगोल झाले होते. नळी, क्लँप, फिल्टर, खीळ आणि तिची बुशिंग, सर्व मिळून खर्च तीन हजार चारशे रुपये.

त्या रात्री मला आठवले ते कालव्यावरचे दिवस. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी पोचत नाही म्हणून शेतकरी अर्ज घेऊन येत, तेव्हा मी पाटकऱ्यास सांगत असे, की धरणाकडे नंतर पाहू. आधी चारीच्या तोंडाशी जा, दार अर्धे उघडे आहे का पाहा, मोरीत गाळ आहे का पाहा. दुसऱ्यांना सांगितलेले हे शहाणपण स्वतःच्या खिशाची वेळ येताच मी विसरलो, आणि दुखणे रेड्याला असता पखालीला डाग देत बसलो. आणखी एक चूक अशी, की एकाच वेळी दिसणाऱ्या दोन लक्षणांना मी एकच रोग मानले.

म्हणून ज्यांना असे जुने यंत्र जिवंत करावयाचे आहे, त्यांनी स्वस्तापासून महागाकडे आणि तोंडापासून टेलाकडे जावे. तेलाची पातळी, जात आणि रंग, मग फिल्टर, मग शोषणाची नळी, मग लिव्हरपासून पंपापर्यंतचे सांधे, मग टायर व साखळी. एका बाजूची दोन्ही चाके एकाच साखळीने बांधलेली असल्यामुळे त्यांचे टायर समान घेराचेच हवेत, नाहीतर साखळी जिवास मुकते. आणि दोन्ही बाजूंचे टायर असमान झिजलेले असतील तर निरोगी यंत्रही एका अंगास ओढते. हे सर्व निर्दोष निघाले, तरच गेज लावावे व निर्मात्याच्या पुस्तकातील आकड्याशी दाब ताडून पाहावा. दोन्ही बाजू ढिल्या असतील तर दोष बहुधा सामाईक पुरवठ्यात असतो. एकच बाजू ढिली असेल आणि यंत्राची रचना अनुमती देत असेल, तर जाणत्याकडून दोन्ही पंपांच्या नळ्या मोटरशी अदलाबदल करून घ्याव्यात. दोष बाजू बदलून गेला तर तो पंपाकडचा, जागेवरच राहिला तर मोटर, ब्रेक किंवा साखळीकडचा. दुरुस्त पंप बसवल्यावर त्याच्या पोटात स्वच्छ तेल भरल्याशिवाय इंजिन फिरवू नये. कोरडा पंप काही क्षणांतच पुन्हा कारखान्याच्या वाटेला लागतो. आणि बंद यंत्र दोर लावून फरफटत आणू नये. आत अडकलेले तेल मोटरची नासधूस करते.

पैशाची चूक भरून निघते, देहाची निघत नाही. मागच्या मालकाने आसनावरचा सुरक्षेचा दांडा तारेने कायमचा बांधून ठेवला होता; तो बांधलेला असता चालक उतरला तरी लिव्हर जिवंतच राहतात. एकदा वर उचललेल्या बूमखाली मी रिकामे घमेले ठेवून आत वाकणार, तोच पुतण्याचा हात लिव्हरला लागला. घमेल्याची भाकरी झाली. त्या दिवसापासून बूमला निर्मात्याने दिलेला लोखंडी टेकू लावल्याशिवाय, इंजिन बंद करून दाब उतरवल्याशिवाय, तिच्याखाली कुणी बोटही घालत नाही. आणि तार मी स्वतः कापून टाकली. तसेच दाबाच्या नळीची बारीक गळती कधीही हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून पाहावी. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारे तेल कातडी भेदून आत शिरते, वेदना सुरुवातीस नगण्य असते, आणि काही तासांत हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे.

यंत्र आता रोज सकाळी गोठा उपसते. अजूनही ते डावीकडे थोडेसे ओढते. डाव्या बाजूचे टायर उजव्यापेक्षा जास्त झिजले आहेत, हे मी दोरीने घेर मोजून वहीत लिहून ठेवले आहे, आणि दिवाळीपर्यंत चालवून मग बदलणार आहे. परवा तोच मिस्त्री ती ओढ पाहून म्हणाला, "आप्पा, पंप पुन्हा दाखवायचा का?" मी त्याच्या हाती दोरी दिली.