हातचं काम काढून घेऊ नका

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. लोहा-अहमदपूरमार्गे जाणाऱ्या एसटीच्या दोन टोकांना माझी दोन घरं आणि दोन्हीकडे म्हातारी माणसं. नांदेडला वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. लातूरला सासूबाई, आमच्या आत्याबाई. शाळेची नोकरी सांभाळून दोघांचंही म्हातारपण जवळून पाहिलं, केलं. आता माझीच साठी उलटली आहे. जे कळलं ते लिहिते.

१. बसवून खाऊ घालणं म्हणजे सेवा नव्हे.

"सासूला इकडची काडी तिकडं करू देत नाही" असं म्हणून आपल्याकडे सुनेचं कौतुक होतं. मला ते पटत नाही. आत्याबाईंचा गुडघा धरला तेव्हा येणारा-जाणारा सांगायचा, "आता पडून राहा की, सुना आहेत." त्या ऐकायच्या नाहीत, हे फार बरं झालं.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर ओस पडतं. जो तो शेतात. आदल्या दिवशी भज्जीचं सामान निवडायचं असतं: तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी. आत्याबाई सूप घेऊन बाजेवर बसायच्या. बोटं वाकडी झालेली, पण शेंगेच्या पाठीवर अंगठा दाबला की दाणे सुपात. किडका दाणा त्यांना दिसायचा नाही, बोटाला लागायचा. चिंच किती घालायची, बेसन कधी लावायचं, सगळे हुकूम त्यांचे. अंबील नीट आंबली का, हे त्यांनी चाखून सांगितल्याशिवाय तिची बिंदगी (घागर) शेताकडे न्यायला उचलली जायची नाही. गुडघा त्या दिवशीही दुखायचाच. पण रात्री झोप लागायची आणि दोन घास जास्त जायचे.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये भाजी चिरत, लसूण सोलत बसलेली पिकल्या केसांची माणसं बघा. त्यांना कोणी "तुम्ही राहू द्या" म्हणत नाही. काम मात्र खरं हवं. मन रमावं म्हणून दिलेलं काम म्हाताऱ्या माणसाला लगेच ओळखू येतं. त्यांनी निवडलेलीच भाजी रात्री शिजली पाहिजे.

२. मांड्यांतलं बळ जपा.

हात न टेकता खुर्चीवरून उठता येतं का, ते पाहा. येत नसेल तर तोच व्यायाम: आधाराला कोणी उभं राहायचं आणि सकाळ-संध्याकाळ जमेल तितक्या वेळा उठायचं, बसायचं. साठीनंतर स्नायू झपाट्यानं झिजतात आणि तापानं आठवडाभर अंथरूण धरलं तर आणखीच. दात गेले की ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाणं सुरू होतं, पुढे नुसत्या चहात. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. दोन्ही वेळा घट्ट वरण, मुगाची खिचडी, दही, शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर अंडं द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि कवळी बसवून घ्या. "आता किती दिवस राहिलेत" म्हणून कवळीचा खर्च टाळणारी घरं मी पाहिली आहेत. वाईट वाटतं.

३. तहान लागायची वाट पाहू नका.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांच्या हातून पाण्याचा तांब्या आजही अर्धाच भरला जातो. त्यात वय वाढलं की तहानेची जाणीवच मंदावते. बायकांची आणखी एक अडचण असते. संडास लांब, गुडघे दुखतात, रात्री कोणाला उठवायचं? म्हणून दुपारनंतर त्या पाणीच पीत नाहीत. बेचाळीस अंशांच्या उन्हात याचा काय परिणाम होतो, ते आत्याबाईंच्या बाबतीत पाहिलं. कालपर्यंत चांगली बोलणारी बाई एका संध्याकाळी मला ओळखेना, मेलेल्या बहिणीला हाका मारायला लागली. शेजारचे म्हणाले, भ्रमिष्ट झाल्या, वयच झालं. दवाखान्यात तपासलं तर अंगातलं पाणी कमी झालेलं आणि लघवीत जंतुसंसर्ग. सलाईन, औषधं झाली आणि त्या पुन्हा हुकूम सोडायला लागल्या.

एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी बदललं तर त्याला वयाचं नाव देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. साखर, सोडियम, लघवी तपासायला सांगा. एरवी ताक, सरबत, पाणी ठरल्या वेळी हातात द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, लघवीची गोळी चालू असेल, तर दिवसाला किती पाणी चालेल हे विचारून घ्या.

४. न्हाणीघर आधी दुरुस्त करा.

शहाबादी फरशी, त्यावर साबणाचं पाणी आणि धरायला काही नाही, अशी आपली न्हाणीघरं. भिंतीला एक दांडी, बसायला पक्कं स्टूल, रात्रभर जळणारा छोटा दिवा. खुब्याच्या ऑपरेशनपुढे हा खर्च काहीच नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर बसावं, मग उभं राहावं.

५. "तापट झालेत" म्हणण्याआधी कान तपासा.

दादा भजनाला जायचे बंद झाले. चारचौघांत बोलणं अर्धंच ऐकू यायचं, उत्तर भलतंच जायचं आणि लोक हसायचे. घरात म्हणायचे, दादा चिडचिडे झाले. कानाचं यंत्र आलं, सवय व्हायला वेळ लागला, एकदा तर त्यांनी ते फेकलंही. पण नंतर ते पुन्हा टाळ घेऊन बसले. मोतीबिंदूचंही तसंच: शासकीय रुग्णालयात ऑपरेशन मोफत होतं. ते पुढे ढकलायला कारण नाही.

६. मन दुखतं तेव्हा अंग बोलतं.

आपली म्हातारी माणसं "मला उदास वाटतं" असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, अंग मोडून आलंय, झोप लागत नाही, तोंडाला चव नाही. हे मी किल्लारीकडच्या नातेवाइकांत पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट, गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं मजबूत झाली, रस्ते रुंद झाले. पण जुन्या गावात ओसरीवर बसलं की चार घरांचं बोलणं कानावर पडायचं. नव्या आखीव गावात शेजार लांब गेला. आमच्या एक चुलत सासूबाई कितीतरी वर्षं पोटात गोळा येतो म्हणायच्या. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. गेलेल्या नातवाचं नाव त्या घरात कोणी काढायचं नाही, त्यांना त्रास नको म्हणून. आम्ही जावा बसून त्याच्याबद्दल त्यांना विचारायला लागलो, तेव्हा त्या तासन्‌तास बोलल्या, रडल्या. गोळा पुरता गेला नाही, पण उठून दारापर्यंत येऊ लागल्या.

दोन आठवडे झोप, भूक, बोलणं हरवलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. म्हातारपणातल्या नैराश्यालाही औषध लागू पडतं. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

७. पैसा आणि कागद त्यांच्याकडे राहू द्या.

७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, पासष्टीपासून अर्धं तिकीट. त्या प्रवासाला "कशाला हिंडता" म्हणू नका. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार त्यांच्याच हातात द्या. त्यातून नातीला गोळ्या-बिस्किटं घेऊ द्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेनं आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायचा ठराव केला. पुढे सात जणांचा पगार खरोखर कापला गेला आणि पैसे आईवडिलांच्या खात्यात गेले. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी होत्या त्यांत शिक्षकही होते. मी स्वतः शिक्षिका. वाचून मान खाली गेली. पण ठराव मला योग्यच वाटला. कायदाही आहे: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो. शेत मुलांच्या नावावर करायचंच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. कुठं जावं सुचत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

८. सांभाळणारीलाही सुट्टी हवी.

करणारी बहुधा सून असते, तीही पन्नाशीची, तिचीही पाठ दुखत असते. पुण्या-हैदराबादला असलेले दीर-नणंदा पैसे पाठवतात, फोनवर सूचना देतात. पैसे लागतातच, पण त्याहून जास्त गरज असते ती तुमच्या आठ दिवसांची. दिवाळीत आलात की आईच्या गोळ्यांचा डबा, रात्रीचं उठणं, आंघोळ हे सगळं तुमच्याकडे घ्या आणि वहिनीला माहेरी पाठवा. तिला दिवसातून चारदा फोन करून "ही गोळी कुठं ठेवली" असं विचारू नका. सगळं एका वहीत तिच्याकडून आधीच लिहून घ्या.