टरबाइनचे पाते का तडकते?

नांदेड जिल्ह्यातील लोहा या गावाच्या नावातच लोखंड ऐकू येते. म्हणून आजच्या विषयाची सुरुवात आपण लोहाराच्या भात्यापासून करू. पेरणीआधी फाळ पाजवण्याचे काम चालू असेल, तर जरा थांबून पाहा. लालभडक फाळ ऐरणीवर येतो, घणाचा घाव बसतो आणि काळे पापुद्रे उडतात. पापुद्रा उडाला तेथे क्षणभर उजळ धातू दिसतो आणि पाहता पाहता तोही काळवंडतो. खाली पडलेले पापुद्रे गार झाल्यावर त्यांना लोहचुंबक लावा. ते चिकटतील. ती कोळशाची राख नव्हे, ते लोखंडाचे ऑक्साइड आहे. हवेतील ऑक्सिजनने फाळाचा तेवढा भाग खाल्ला.

उष्णतेने ऑक्साइडची साय धरली, घावाने ती उडवली, म्हणून नवा धातू उघडा पडला. हे ध्यानात ठेवा.

आता असे यंत्र डोळ्यांपुढे आणा, की ज्यात धातू तासन्‌तास तापलेला असतो आणि त्याच वेळी जबरदस्त ओढला जात असतो. रायगड जिल्ह्यात उरण येथे नैसर्गिक वायूवर चालणारे वीजकेंद्र आहे. तेथील वायुटरबाइन हे असे एक यंत्र. जेट विमानाचे एंजिन हे त्याचेच भावंड. जळत्या वायूच्या झोताने त्याची पाती फिरतात. समजा, ३०० ग्रॅम वस्तुमानाचे एक पाते अक्षापासून ४० सेंटिमीटर अंतरावर मिनिटाला १०,००० फेरे घेत आहे. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार करा. सुमारे १,३१,००० न्यूटन बळ येते. म्हणजे त्या वीतभर पात्याला १३ टनांचा भार टांगल्यासारखे झाले! (फेरे निम्मे केले तर हे बळ किती उरेल? वहीत करून पाहा.)

साधे पोलाद या तापात टिकत नाही. म्हणून निकेलच्या मिश्रधातू वापरतात. शुद्ध निकेल १,४५५° से. तापमानाला वितळते, आणि आधुनिक एंजिनातील वायू त्याहूनही तप्त असतो. पात्याच्या पोकळीतून तुलनेने थंड हवा खेळवून पाते सुमारे १,०००° ते १,१००° से. पर्यंत राखावे लागते. मिश्रणात क्रोमियम, कोबाल्ट, टंगस्टन असे बरेच सोबती असतात. पण आपल्या गोष्टीचा नायक आहे ॲल्युमिनियम.

तो दोन कामे करतो. निकेलशी संयोग पावून तो धातूच्या आत अतिसूक्ष्म, कठीण कण तयार करतो. पात्याचे बळ मुख्यतः या कणांत असते. शिवाय पृष्ठभागी ऑक्सिजनशी संयोग पावून तो ॲल्युमिनाचे दाट, पातळ पांघरूण विणतो. हे पांघरूण शाबूत असेल, तर ऑक्सिडीकरण आपोआप मंदावत जाते: जाडी दुप्पट होण्यास वेळ चौपट लागतो. लोखंडाच्या पापुद्र्यापेक्षा ही साय कितीतरी भरवशाची.

मग अडचण कोठे? ही साय ठिसूळ असते. खालचा धातू ताणाने किंचित लांबतो, पण ती लांबत नाही, तडकते. एंजिन थंड होताना धातू जितका आकसतो, त्याच्या सुमारे निम्मीच ही साय आकसते. त्यामुळे ती दबली जाते आणि तिचे पापुद्रे सुटतात. नवे पांघरूण विणायला ॲल्युमिनियम येणार कोठून? आतूनच. त्यामुळे पृष्ठभागाखालच्या थरातील बळ देणारे कण विरघळून जातात. तो थर दुबळा झाला, की त्याच ताणाने तो अधिक लांबतो आणि नवी साय पुन्हा तडकते. पांघरुणासाठी घराचे वासे काढावेत, तसा हा प्रकार!

याहून कपटी वाट भेगेची आहे. धातू असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. पाती ज्या तबकडीत बसवतात, तिचे तापमान पात्यांहून बरेच कमी असते. पण ६००° ते ७५०° से. या टप्प्यात ऑक्सिजन ताणलेल्या भेगेच्या टोकाशी पोहोचतो आणि कणांमधील सीमा ठिसूळ करतो. सीमा फाटते, टोक पुढे सरकते, ऑक्सिजन पुन्हा हजर. तीच चाचणी निर्वातात केली, तर भेग फार सावकाश वाढते. म्हणजे गुन्हेगार एकटा ताण नव्हे, एकटी उष्णताही नव्हे. आणखी एक ध्यानात घेण्यासारखी गोष्ट: भार झटकन चढवून उतरवण्याऐवजी वरच्या टोकाला काही मिनिटे धरून ठेवला, तर हवेत भेग प्रत्येक खेपेला अधिक वाढते. ऑक्सिजनला सवड मिळते ना!

यावर उपाय बरेच निघाले. यिट्रियमसारखे मूलद्रव्य अगदी चिमूटभर घातले, तरी साय घट्ट धरून राहते. पात्यावर झिर्कोनियाचा लेप देतात. कणसीमाच नकोत म्हणून अखंड एकाच स्फटिकाचे पाते ओततात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या एंजिनासाठी अशी ६० पाती तयार करून दिल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. भट्टीत स्फटिक सावकाश, एकाच दिशेने वाढवणे हे अतिशय जिकिरीचे काम आहे.

तबकडी मात्र एकाच स्फटिकाची करत नाहीत. म्हणून तिचे आयुष्य तासांपेक्षा एंजिन किती वेळा तापले आणि निवाले यावर मोजतात. ठरलेल्या खेपा भरल्या, की तिच्यावर एकही भेग दिसत नसली तरी ती काढून टाकतात.